स्थानपोथीची दृष्टी आणि सातपूर ते गोवर्धन ही वाट

स्थान, प्रसाद, भिक्षुक आणि वासनिक ही चार साधने साधकास सांगितलेली आहेत. त्यांत प्रसाद जवळ बाळगता येतो, भिक्षुकाची व वासनिकाची भेट ते जिथे असतील तिथे होते. स्थान मात्र आपल्या जागेवरून हलत नाही. साधकालाच तेथे जावे लागते. यातच स्थानाची एक अडचणही आहे. भोवतालचा गाव हलला, वाट मोडली, देऊळ पडले की नाव मुखी राहते आणि जागा हातची जाते.

पूर्वजांना ही अडचण पुरती ठाऊक होती. मुनिव्यासांच्या नावाने ओळखली जाणारी स्थानपोथी त्यातूनच सिद्ध झाली. तिच्यात वर्णनाची हौस मुळीच नाही. गावाची कोणती दिशा, देऊळ कोणीकडे तोंड करून, आसन कोठे, वसती कोठे, एका ठिकाणापासून दुसरे कोणत्या अंगास, एवढेच ती सांगते. नव्या वाचकाला हे रुक्ष वाटते. पण पोथी हाती घेऊन गावाच्या वेशीवर उभे राहिले म्हणजे त्या रुक्षपणाचे मोल कळते. एकच खूण सांगितली तर ती नाहीशी होताच सारे गेले. तीन खुणा परस्परांशी दिशेने बांधल्या तर एक गेली तरी उरलेल्या दोन तिची जागा दाखवतात.

ही दृष्टी अंगवळणी पडावी म्हणून एखाद्या चांगल्या बदललेल्या गावातून पायी फिरून यावे. सातपूर त्यास योग्य आहे. नाशिकाहून त्र्यंबकास जाणाऱ्या वाटेवर, नगराच्या पश्चिमेस हा गाव आहे. नाशिक आणि त्र्यंबक ही दोन्ही क्षेत्रे सर्वज्ञांच्या भ्रमणाने पंथीयांस वंद्य झाली, त्यामुळे हा टापू अनुयायांस परका नाही. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे सातपूरच्या शेतजमिनीवर औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९८२ साली नाशिक महानगरपालिका झाली तेव्हा गाव तिच्यात आला. एका आयुष्याच्या अवधीत बांध, गाडीवाटा आणि विहिरी कारखान्यांच्या भिंतींआड गेल्या.

पदयात्रेचा आरंभ जुन्या गावठाणातून करावा. प्रथम चार दिशा निश्चित कराव्या. दक्षिणेस त्रिरश्मीचा डोंगर, म्हणजे पांडवलेणी; उत्तरेस गोदावरी; गावाच्या परिसरातून वाहणारी नासर्डी, जिला हल्ली नंदिनी म्हणतात. डोंगर आणि नद्या या खुणा माणसाच्या हाताने सहसा हलत नाहीत. मग वृद्ध ग्रामस्थांस शेतांची जुनी नावे व त्र्यंबकाची जुनी गाडीवाट विचारावी. दोघांचे सांगणे जुळले नाही तर एकाचे खोडून दुसऱ्याचे ठेवू नये. लीळाचरित्रात एकाच प्रसंगाविषयीच्या निरनिराळ्या वासना सांगणाऱ्याच्या नावानिशी नोंदल्या आहेत. म्हाइंभटांनी घरोघर फिरून मिळवलेल्या साक्षीचा हा वारसा आहे. गावनकाशातील गट क्रमांक सोबत लिहून ठेवावा. पूर्वजांजवळ ही सोय नव्हती.

सातपूरहून उत्तरेस उतरले की आनंदवल्ली लागते. राघोबादादा पेशव्यांचा येथे वाडा होता. गावाचे पूर्वीचे नाव चौंधस. आनंदीबाईंवरून ते बदलले. केवळ नावाच्या आधारे शोध करणाऱ्याची कशी फसगत होते, याचा हा जवळचा धडा आहे. तेथून नदीच्या उगवत्या अंगास पाठ करून वरच्या बाजूस चालावे. सोमेश्वर मागे टाकून गंगापूर येते, जेथे गोपिकाबाई उत्तर वयात राहिल्या. पुढे गोवर्धन.

गोवर्धन हे नाव फार जुने आहे. त्रिरश्मीच्या लेण्यांतील शिलालेखांत ते पुन्हा पुन्हा येते. उषवदाताने गोवर्धनातील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे एकूण ३,००० कार्षापण ठेव ठेवली होती, व्याज मासिक शेकडा एक आणि पाऊण. त्याहून आपल्या विषयास जवळचा लेख गौतमीपुत्राचा आहे. राज्याच्या अठराव्या वर्षी त्याने गोवर्धनाच्या अमात्यास आज्ञा करून भिक्षूंना २०० निवर्तने शेत दिले. ते ‘अपर’ म्हणजे पश्चिमेकडील कखडी गावचे, अशी दिशेची खूण लेखातच आहे. चोविसाव्या वर्षीची आज्ञा सांगते की ते शेत कसले जात नाही आणि गावही वसत नाही; म्हणून नगराच्या सीमेवरील राजकीय शेतातून १०० निवर्तने द्यावी. सहा वर्षांत दान दिलेले शेत निरुपयोगी झाले! गाव उठण्यास औद्योगिक वसाहतच लागते असे नाही.

गोवर्धनाच्या वर गंगापूरचे मातीचे धरण आहे. ते १९६५ साली पुरे झाले. याच नदीवर खाली पैठणास १९७६ साली जायकवाडीचे धरण पूर्ण होऊन काठची अनेक गावे जलाशयात गेली. सर्वज्ञांचे वास्तव्य व भ्रमण ज्या गोदातीरी घडले, तोच हा प्रदेश. पाण्याखाली गेलेल्या जागेसाठी आता पोथीतील दिशांवाचून दुसरा आधार नाही.

उलट दिशेचा एक दोषही अलीकडे आढळतो आणि तो अधिक घातक आहे. खूण सापडेना तर सोयीच्या जागी, रस्त्यालगत, नवा ओटा बांधून त्यालाच स्थान म्हणावयाचे. श्रद्धा खरी असते, पण पुढच्या पिढीला तो ओटाच पुरावा वाटतो आणि मूळ जागेचा शोध तेथेच थांबतो. सातपुरात किंवा वाटेवरील कोणत्याही गावी पोथीचा आधार मिळेपर्यंत एखाद्या पारास वा पडक्या देवळास स्थान म्हणू नये. ‘अमुक वृद्धाने असे सांगितले’ एवढीच नोंद करावी.

ही वाट सकाळी लवकर निघाल्यास दुपारच्या आत चालून होते. पावसाळ्यात सोमेश्वराजवळच्या धबधब्याचे खडक निसरडे असतात, तेथे वृद्धांनी पात्रात उतरू नये. परत आल्यावर त्याच दिवशी टाचणे स्वच्छ लिहून काढावी; दिशा दुसऱ्या दिवशीच स्मरणातून फिरू लागतात.