औषधाची कुपी आणि तिच्यावरील शब्द : एका वेष्टन-प्रकल्पातून मिळालेला धडा

चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. द्रव्याचे गुण सांगताना बहुता, योग्यत्व, अनेकविध कल्पना आणि संपत् यांचा निर्देश केला. हे चारही गुण उत्तम असलेले औषध रुग्णाच्या घरी पोहोचते तेव्हा तेथे वैद्य नसतो. असते ती केवळ कुपी आणि तिच्यावर चिकटवलेला कागद. उपस्थाता त्या कागदाच्या आधाराने औषध देतो. म्हणजेच लेबल हे वैद्याच्या सूचनेचेच उत्तरार्ध होय. हा विचार आम्ही पुष्कळदा ऐकला होता. परंतु त्याचा खरा अर्थ आम्हांस उपयोजित कलेच्या एका विद्यार्थिनीने शिकविला. तो अनुभव व्यवसायबंधू-भगिनी आणि औषधीनिर्माते यांच्यापुढे अभ्यासार्थ मांडीत आहोत.

प्रकल्पाचे निमित्त

यवतमाळ शहराला लागून असलेले लोहारा हे आमचे कार्यक्षेत्र. येथील औद्योगिक वसाहतीतील कामगार, आसपासच्या कापूस-सोयाबीन पट्ट्यातील शेतकरी व शेतमजूर हे आमचे बहुसंख्य रुग्ण. गावातीलच एक मुलगी नागपूरला उपयोजित कलेचे शिक्षण घेत होती. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने ‘लहान आयुर्वेदिक औषधालयाची बोधमुद्रा व वेष्टने’ हा विषय निवडला आणि आमच्याकडे अनुमती मागितली. आम्ही तिच्या हाती चार कल्प दिले : लवणभास्कर चूर्ण, दशमूलारिष्ट, त्रिभुवनकीर्ती रस आणि विषगर्भ तेल.

तिचा पहिला आराखडा पाहून आम्ही प्रसन्न झालो. गडद हिरवी पार्श्वभूमी, सोनेरी अक्षरांत औषधालयाचे नाव, खाली खल-बत्ता आणि दोन पाने. चारही वेष्टने एकाच घराण्यातील दिसावीत अशी. मोठ्या कंपन्यांच्या पंक्तीत आपण बसलो, असे आम्हांस वाटले. कल्पाचे नाव मात्र तळाशी बारीक अक्षरांत होते, आणि ते आमच्या लक्षातही आले नाही.

एका जुन्या चुकीचे स्मरण

ते लक्षात आणून दिले आमच्या औषधे बांधून देणाऱ्या सहायकाने. सायंकाळच्या मंद उजेडात त्याला नमुन्यांतून अरिष्टाची बाटली उचलण्यास सांगितले, तर त्याने तेलाची उचलली. त्या क्षणी काही वर्षांपूर्वीचा एक प्रसंग आम्हांस आठवला, आणि आम्ही तो विद्यार्थिनीस लपवून न ठेवता सांगितला.

संधिवाताच्या एका वृद्ध रुग्णेस आम्ही पोटात घेण्यासाठी दशमूलारिष्ट व सांध्यांवर लावण्यासाठी विषगर्भ तेल दिले होते. दोन्ही एकाच मापाच्या तपकिरी बाटल्यांत, दोन्हींवर एकच छापील पट्टी. फरक केवळ हाताने लिहिलेल्या नावाचा. घरी गेल्यावर सुनेने चमच्यात तेल ओतले. म्हातारीने ते जिभेला लागताच थुंकून टाकले, म्हणून अनर्थ टळला. दुसऱ्या दिवशी दोन्ही बाटल्या पदरात घेऊन ती आली व म्हणाली, “डॉक्टरसाहेब, दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात जी. मले वाचता येत नाही, सुनेले अंधारात दिसलं नाही.” विषगर्भ तेलात वत्सनाभ असतो, हे वाचकांस सांगणे नलगे. चूक सुनेची नव्हती. ती आमची होती.

विद्यार्थिनीने तो प्रसंग ऐकला, आपला आराखडा गुंडाळला आणि आठवडाभर आमच्या औषधालयाच्या बाकावर बसून राहिली. कोण औषध घेतो, कोण वाचून दाखवितो, घरी कोठे ठेवतात, कोणत्या वेळी घेतात, हे ती विचारीत होती. तिच्या दुसऱ्या आराखड्याचा पाया त्या बाकावर घातला गेला.

वेगळेपण आधी, सारखेपण नंतर

तिच्या शिक्षणात ‘ब्रँड’ म्हणजे सर्व उत्पादनांचे एकरूप दर्शन, असे शिकविले जाते. औषधाच्या बाबतीत तिने हा क्रम उलटा केला. औषधालयाची मुद्रा चारही वेष्टनांवर एकाच जागी, परंतु लहान ठेवली. कल्पाचे नाव सर्वांत मोठे केले. त्यानंतर मार्गभेद : पोटात घेण्याच्या औषधांना पांढरी पार्श्वभूमी व बाह्योपचाराच्या औषधांना बाटलीभोवती फिरणारा रुंद लाल पट्टा. तेलाची बाटली चपटी व अरिष्टाची गोल, म्हणजे अंधारात हातालाही फरक कळावा.

वेष्टन हे केवळ बाह्य सौंदर्य नाही, हेही या निमित्ताने उजळून निघाले. लवणभास्करातील लवणे पावसाळ्यात पाणी धरतात. त्यास साध्या कागदी डबीत भरणे म्हणजे औषध बिघडविणे होय. तिने रंगविलेली सुंदर कागदी डबी आम्ही याच कारणास्तव नाकारली व घट्ट झाकणाची बरणी सुचविली. शार्ङ्गधरांनी चूर्णाचे वीर्य दोन महिन्यांनी, तर गुटिका व लेह यांचे एका वर्षानंतर क्षीण होते असे म्हटले आहे. आजच्या औषध नियमावलीतील नियम १६१-ब नुसार चूर्णास २ वर्षे आणि आसव-अरिष्टांस १० वर्षे इतकी कमाल मुदत आहे. चूर्णाची ही वाढलेली मुदत चांगल्या बंद भांड्याच्या भरवशावरच टिकते, हे निर्मात्यांनी विसरू नये.

अक्षर आणि अंक

देवनागरीचे काही प्रश्न रोमन लिपीला नाहीत. शिरोरेषेच्या वर वेलांटी व मात्रा, खाली उकार. त्यामुळे दोन ओळींत पुरेशी जागा न सोडल्यास वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. गडद रंगावर पांढरी बारीक अक्षरे छापल्यास शाई पसरून ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतील भेद बुजतो. संगणकावर सर्वत्र दिसणारा ‘मंगल’ हा टंक ज्यांनी घडविला, त्या रघुनाथ कृष्ण जोशी यांनी मुंबईतील सर जे. जे. उपयोजित कला संस्थेत व नंतर पवई येथील आय. आय. टी.च्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापन केले. भारतीय लिपींच्या अक्षररचनेचा विचार महाराष्ट्रात अशा रीतीने शास्त्र म्हणून रुजला. आपल्या छपाईत मात्र तो क्वचितच उतरतो.

विद्यार्थिनीने आमच्या ध्यानात आणून दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट अंकांविषयी होती. मराठी ‘१’ आणि ‘९’ हे अंक बारीक छपाईत एकमेकांसारखे दिसतात. ‘१ गोळी’ हे ‘९ गोळी’ असे वाचले गेले तर? त्रिभुवनकीर्तीसारख्या हिंगुळ व वत्सनाभयुक्त कल्पात ही शंका क्षम्य नाही. तेव्हापासून आमच्या लेबलांवर मात्रा अंकात आणि अक्षरांतही लिहिली जाते : ‘१ (एक) गोळी’. धनादेशावर रकमेसाठी आपण जी काळजी घेतो, ती औषधाच्या मात्रेसाठी घेत नव्हतो!

कायद्याने मागितलेली जागा

कलेच्या विद्यार्थ्यांना बहुधा ठाऊक नसते, आणि आपल्यापैकी अनेकांना छपाई झाल्यावर आठवते, असे हे प्रकरण आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० आणि त्याखालील १९४५ च्या नियमांतील नियम १६१ प्रमाणे लेबलावर पुढील मजकूर आवश्यक ठरतो : औषधाचे नाव, घटकद्रव्यांची खरी यादी व प्रमाण, निव्वळ वजन वा माप, निर्मात्याचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, निर्मितीचा दिनांक, ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द, आणि बाह्य वापराचे औषध असल्यास तसा स्पष्ट निर्देश. अनुसूची ई(१) मधील विषद्रव्य असलेल्या, पोटात घेण्याच्या औषधावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ या अर्थाची सूचना इंग्रजी व हिंदी अशा दोन्ही भाषांत द्यावी लागते. मराठी सूचना कायदा मागत नाही. परंतु आमचा रुग्ण ती मागतो, म्हणून ती तिसरी ओळ आम्ही जोडली.

दुसरा कायदा अधिक दुर्लक्षित. औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा १९५४ मध्ये ‘जाहिरात’ या शब्दाच्या व्याख्येतच लेबल व वेष्टन यांचा समावेश आहे. म्हणून खोक्यावर मधुमेह, उच्च रक्तदाब किंवा स्थूलता ‘समूळ बरी करणारे’ असे छापणे हे केवळ अतिशयोक्तीचे नव्हे, गुन्ह्याचे काम आहे. विद्यार्थिनीने एका खोक्यावर उत्साहाने लिहिलेली अशीच एक ओळ आम्ही खोडली, तेव्हा ती म्हणाली, “सर, मग विकायचे कसे?” प्रश्न प्रामाणिक होता. त्याचे उत्तर आम्ही विदर्भातच शोधले.

नागपूरच्या पेंढरकरांचे उदाहरण

केशव विष्णु पेंढरकर हे मूळचे नागपूरचे. मुंबईस जाऊन त्यांनी १९५२ मध्ये ‘विको’चा पाया घातला आणि दंतमंजन घरोघरी जाऊन विकले. ‘वज्रदंती’ हे नाव स्वतःच एका वनस्पतीचे, म्हणजे कोरांटीचे; हळदीच्या क्रीमची ओळख हळदीनेच दिली. नावातच द्रव्य असल्याने ग्राहकास वस्तू काय आहे हे कळले. पुढे ही उत्पादने औषध की प्रसाधन, असा अबकारी कराचा दीर्घ वाद झाला व २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आयुर्वेदिक औषधे असल्याचे मान्य केले. अशा वादांत घटकद्रव्ये ग्रंथोक्त आहेत काय आणि लोकव्यवहारात वस्तू कोणत्या नावाने ओळखली जाते, हे पाहिले जाते. तात्पर्य, वेष्टनावर आपण स्वतःला काय म्हणवितो याचा हिशेब पुढे कधीतरी द्यावा लागतो. द्रव्याचे नाव ठळक आणि दावा मर्यादित, ही विक्रीला मारक नव्हे तर तारक नीती होय, हे विद्यार्थिनीस या उदाहरणाने पटले.

वाचता न येणारा रुग्ण

आमच्या जिल्ह्यात मराठीखेरीज गोंडी, कोलामी व बंजारा बोली बोलणारी कुटुंबे आहेत. अनेक वृद्धांस अक्षरओळख नाही. त्यांच्यासाठी तिने चिन्हे काढली : उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्रकोर या तीन वेळा, ओठांशी धरलेला चमचा म्हणजे पोटात, गुडघ्यावर ठेवलेला तळहात म्हणजे लावण्यासाठी. पहिल्या चित्रात नुसता तळहात होता. एका आजोबांनी त्याचा अर्थ ‘थांबा’ असा लावला. म्हणून गुडघा जोडला गेला. रुग्णास दाखविल्यावाचून चिन्ह अंतिम करू नये, हा नियम आम्ही तेथे शिकलो.

समारोप

स्वतःच्या रुग्णांपुरते औषध बनविणाऱ्या वैद्यास कायद्याने परवान्यातून सूट दिली आहे. सावधगिरीतून दिलेली नाही. म्हणून पुडी बांधणाऱ्यानेही आणि कारखाना चालविणाऱ्यानेही छपाईपूर्वी स्वतःस पुढील प्रश्न विचारावेत, अशी विनंती आहे :

१. हातभर अंतरावरून, चष्म्याविना, कल्पाचे नाव वाचता येते काय?
२. पोटात घेण्याचे व लावण्याचे औषध अंधारात हाताला वेगळे लागते काय?
३. मात्रा अंकात व अक्षरांत, काल आणि अनुपानासह, लिहिली आहे काय?
४. विषद्रव्याची सूचना घडीखाली वा जोडाखाली दडली तर नाही ना?
५. छापलेला प्रत्येक दावा ग्रंथाने व कायद्याने समर्थनीय आहे काय?
६. निरक्षर रुग्णास नमुना दाखविला काय?

विद्यार्थिनीचा प्रकल्प पूर्ण झाला. सोनेरी अक्षरांचा पहिला आराखडा तिने प्रदर्शनात दुसऱ्याच्या शेजारी मुद्दाम लावला. त्या वृद्ध रुग्णेस आम्ही नव्या बाटल्या दाखविल्या, तेव्हा तिने काही न विचारता लाल पट्ट्याची बाटली उचलली आणि गुडघ्याकडे बोट दाखविले. यापरते अधिक गुणपत्रक आम्हांस नको होते.