वालुकागिरींतील मोटारप्रवास : ताफ्याचे पहिले धडे

इजिप्त आणि लिबिया यांच्या सीमेवर, सीवा मरूद्यानाच्या दक्षिणेस, सुमारे ७२,००० चौरस किलोमीटरचा एक प्रदेश केवळ वाळूने व्यापलेला आहे. त्याला ‘महावालुकासागर’ असे म्हणतात. येथील वालुकागिरी सुट्या टेकड्यांसारखे विखुरलेले नाहीत. साधारणपणे उत्तर-दक्षिण जाणाऱ्या लांबच लांब समांतर रांगांत ते उभे आहेत आणि त्यांतील काहींची उंची शंभर मीटरांहून अधिक आहे. पूर्वेकडून पश्चिमेकडे जाऊ पाहणाऱ्यास ही प्रत्येक रांग ओलांडावी लागते. १८७४ साली गेरहार्ट रोल्फ्स या जर्मन प्रवाशाने उंटांच्या काफिल्यासह हा प्रयत्न केला. शेवटी त्याला पश्चिमेची वाट सोडून रांगांच्या आश्रयाने उत्तरेकडे, सीवाकडे वळावे लागले. जेथे उंटाने हार मानली तेथे मोटारगाडी काय करणार, असेच पुढे अनेक वर्षे मानले जात होते.

ही समजूत खोटी ठरवली ती राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने. रजेच्या काळात, स्वतःच्या खर्चाने, काही मित्रांना बरोबर घेऊन त्याने १९२९ आणि १९३० साली साध्या फोर्ड गाड्यांतून या प्रदेशात मोहिमा केल्या. या गाड्यांत इंजिनाची शक्ती केवळ मागच्या दोन चाकांना मिळत असे. आजच्या चारही चाकांना शक्ती पोचविणाऱ्या वाहनांशी तुलना करता ती साधने अगदीच तुटपुंजी होती. तरीही ती मंडळी वाळू ओलांडून गेली आणि सुखरूप परतली. याचे श्रेय दोन गोष्टींना द्यावे लागेल. एक म्हणजे वाळूच्या स्वभावाचे त्यांनी केलेले बारकाईचे निरीक्षण. आणि दुसरी, एकमेकांशी बांधून घेतलेल्या गाड्यांची शिस्त. नवशिक्याने या दोन्ही गोष्टी प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

वाळूचा स्वभाव

वाळूचे कण वाऱ्याबरोबर धुळीसारखे उंच तरंगत जात नाहीत. ते जमिनीवर आपटतात, उसळी घेतात आणि पुन्हा आपटतात. अशा उड्या मारीत ते वालुकागिरीच्या वातसंमुख, म्हणजे वाऱ्याकडील बाजूने वर चढतात. सततच्या आघातांमुळे या बाजूचे कण एकमेकांत घट्ट बसतात. त्यामुळे हा चढ सौम्य असतो आणि बहुधा वाहनाचा भार सहन करण्याइतका टणक असतो. माथ्यावर पोचलेले कण मात्र पलीकडे, वाऱ्याच्या आडोशाला, नुसते ओघळून पडतात. ही वातविमुख बाजू ३२ ते ३४ अंशांच्या तीव्र कोनात उभी राहते. तिच्यावरील वाळू सैल असते आणि किंचित धक्क्यानेही घसरू लागते.

एकाच टेकडीच्या दोन बाजूंमधील हा भेद सर्व वाळूप्रवासाचा पाया आहे. टणक बाजूने चढावे आणि सैल बाजूने सरळ खाली उतरावे, हा त्याचा सारांश होय. तथापि टणक दिसणाऱ्या भागातही अधूनमधून सैल वाळूची डबकी लपलेली असतात. वरून त्यांचा पृष्ठभाग इतर वाळूसारखाच दिसतो आणि चाक त्यात शिरल्यावरच त्यांचा पत्ता लागतो. म्हणूनच अनुभवी माणूसही वाळूत अधूनमधून रुततोच. रुतल्यावर कोणी काय करावयाचे हे आधी ठरलेले असणे, यात त्याचे कौशल्य दिसून येते.

बॅग्नॉल्डने पुढे लष्करातून बाहेर पडल्यावर लंडनमध्ये वातबोगदा उभारून वाऱ्याने वाहणाऱ्या वाळूचा पद्धतशीर अभ्यास केला. १९४१ साली प्रसिद्ध झालेला त्याचा ग्रंथ या विषयात आजही मूलभूत मानला जातो.

चाकातील हवा

टणक रस्त्यासाठी भरलेले चाक वाळूत सुरीसारखे शिरते. त्यामुळे वालुकागिरींत प्रवेश करण्यापूर्वी चाकांतील हवा कमी करणे हे पहिले काम होय. याचे कारण साध्या हिशेबाने कळते. गाडीचे वजन २,००० किलोग्रॅम असल्यास प्रत्येक चाकावर सुमारे ५०० किलोग्रॅम भार येतो. चाकातील दाब ३५ पौंड, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलोग्रॅम असेल, तर हा भार पेलण्यास चाकाचा २०० चौरस सेंटिमीटर भाग जमिनीला टेकावा लागतो. दाब १५ पौंडांपर्यंत उतरवला की हाच भाग दुपटीहून अधिक होतो. टायरच्या कडांचा ताठरपणा लक्षात घेता प्रत्यक्षात हे प्रमाण थोडे बदलते, परंतु तत्त्व तेच राहते. चाकाचा ठसा लांबट होतो आणि गाडी वाळूत शिरण्याऐवजी वाळूवरून जाते.

मात्र कमी हवेचे चाक नाजूक असते. वेगात एकदम वळण घेतल्यास टायर चाकाच्या कडेवरून निखळू शकतो. डांबरी रस्त्यावर परतताच हवा पुन्हा भरणे आवश्यक आहे. तसे न केल्यास टायर तापून फुटण्याचा धोका असतो. म्हणून हवेचा पंप आणि दाबमापक ही साधने ताफ्यात असलीच पाहिजेत.

ताफ्याची मांडणी

एकट्या गाडीने वालुकागिरींत कधीही जाऊ नये. दोन गाड्या ही किमान संख्या झाली. तीन असल्यास अधिक बरे, कारण एक रुतली आणि दुसरी तिला ओढण्यात गुंतली, तरी तिसरी मोकळी राहते.

ताफ्यात सर्वांत पुढे वाट शोधणारी अग्रणी गाडी असते आणि सर्वांत मागे पिछाडीची गाडी. या दोन्ही गाड्या अनुभवी चालकांकडे असाव्यात. नवशिक्याला अग्रणीच्या लगेच मागे ठेवावे. तेथे त्याला पुढच्या गाडीची चाल पाहून शिकता येते आणि त्याची अडचणही चटकन लक्षात येते. अग्रणीने गती ठरवताना ताफ्यातील सर्वांत कच्च्या चालकाला प्रमाण मानावे. ज्या चढावर आपण सहज जाऊ पण पाचवी गाडी जाणार नाही, तो चढ ताफ्याचा नव्हे, असे त्याने समजावे.

प्रत्येक चालकाचे मुख्य कर्तव्य पुढच्या गाडीचा पाठलाग करणे हे नसून मागच्या गाडीवर नजर ठेवणे हे आहे. मागची गाडी आरशात दिसेनाशी झाली, तर आपण थांबावे आणि पुढच्यास सूचना द्यावी. आपण थांबलो हे पाहून पुढचाही थांबतो. अशा रीतीने एकाची अडचण साखळीतून अग्रणीपर्यंत पोचते. हल्ली बिनतारी संचामुळे हे काम सोपे झाले आहे. परंतु संच बंद पडला तरी हा नियम ताफ्याला तुटू देत नाही. गाडीवर उंच काठीला रंगीत निशाण लावण्याची पद्धतही याच हेतूने पडली आहे. माथ्याआड असलेली गाडी दिसत नाही, पण तिचे निशाण दिसते.

माथा ओलांडणे

वालुकागिरींतील गंभीर अपघात बहुधा माथ्यावर होतात. चढण्यासाठी वेग लागतो आणि माथ्यावर तोच वेग घातक ठरतो. पलीकडे तीव्र उतार आहे, सपाटी आहे की रुतून बसलेली दुसरी गाडी आहे, हे चढताना दिसत नाही. जास्त वेगाने माथा ओलांडणारी गाडी हवेत उडते आणि नाकावर आदळते. म्हणून चढाच्या पायथ्यापासूनच योग्य गिअर व वेग धरावा, चढताना गिअर बदलू नये आणि माथा जवळ येताच ॲक्सिलरेटर सैल सोडून गाडी केवळ माथ्यावर टेकेल इतकाच जोर शिल्लक ठेवावा. माथा अपरिचित असल्यास आधी पायी चढून पलीकडे पाहून यावे. त्यात कमीपणा मानू नये.

येथे ताफ्याचा सर्वांत कडक नियम लागू होतो. एका वेळी एकाच गाडीने माथा ओलांडावा. पुढची गाडी पलीकडे उतरून वाटेतून बाजूला झाली, अशी खूण मिळाल्याखेरीज मागच्याने चढावयास सुरुवात करू नये. उतरलेल्या चालकानेही माथ्याच्या लगेच खाली थांबू नये.

चढ अपुरा पडला, तर गाडी आडवी वळवून परत फिरण्याचा मोह टाळावा. उतारावर आडवी झालेली उंच गाडी कोलमडून लोळण घेते. मागचा गिअर टाकून आपल्याच चाकोरीतून सरळ मागे यावे. उतरतानाही हाच न्याय लागू पडतो. खालच्या गिअरमध्ये, नाक सरळ खाली ठेवून, इंजिनाच्या रोधावर गाडी सोडावी. मागची बाजू एका अंगास सरकू लागल्यास ब्रेक दाबू नये. चाक उताराच्या दिशेने सरळ करून किंचित गती द्यावी, म्हणजे गाडी पुन्हा सरळ होते.

वेळेची निवडही महत्त्वाची आहे. सकाळी व सायंकाळी सावल्या लांब पडतात आणि वाळूतील प्रत्येक कणा, प्रत्येक खळगा स्पष्ट होतो. भर दुपारी सूर्य डोक्यावर असताना सारा प्रदेश एकसारखा पिवळा दिसतो. समोर उतार आहे की कडा, हे दहा पावलांवरूनही ओळखता येत नाही. अशा वेळी ताफ्याने विश्रांती घेणे शहाणपणाचे.

गाडी रुतल्यास

रुतलेल्या गाडीचे खरे नुकसान चालकाच्या अधीरतेमुळे होते. चाके जोराने फिरवली की ती अधिकाधिक खोल जातात आणि गाडीचे पोट वाळूवर टेकते. गाडी अडल्याचे जाणवताच पाय उचलावा, खाली उतरून पाहावे आणि प्रथम आपल्याच चाकोरीतून मागे येण्याचा प्रयत्न करावा. तेवढ्याने न भागल्यास चाकांपुढील आणि पोटाखालील वाळू फावड्याने काढावी व चाकांतील हवा आणखी थोडी उतरवावी.

बॅग्नॉल्डच्या मंडळींनी या कामासाठी पोलादी पन्हळींचा उपयोग केला. पहिल्या महायुद्धात खंदकांतील निवाऱ्यांच्या छपरासाठी बनवलेल्या या पन्हळी त्याला कैरोतील भंगारवाल्याकडे मिळाल्या होत्या. त्या चाकांखाली सरकवून गाडी बाहेर काढली जाई. आजही त्याच तत्त्वावरील हलक्या पट्ट्या वापरल्या जातात.

दोरखंडाने ओढताना विशेष सावधगिरी हवी. ताणलेल्या दोरात मोठी शक्ती साठलेली असते. दोर तुटला किंवा आकडा निखळला, तर तो गोळीसारखा सुटतो. दोर केवळ गाडीच्या सांगाड्याला पक्क्या जोडलेल्या आकड्यातच अडकवावा. मालवाहू जोडगाडीच्या गोळ्याला तो कधीही लावू नये. ओढण्याच्या वेळी दोन्ही चालकांखेरीज सर्वांनी दोराच्या लांबीहून अधिक दूर उभे राहावे.

वाट चुकल्यास

ताफ्यापासून तुटलेल्या चालकाने वाट शोधीत फिरू नये. त्याने थांबावे, शक्य तर उंच व दिसेल अशा जागी गाडी उभी करावी आणि तिच्या सावलीत राहावे. वाळवंटात चालणारा माणूस आकाशातून किंवा दुरून दिसत नाही, गाडी दिसते. ताफा आपल्याच चाकोऱ्या धरून मागे येईल, हा विश्वास तेव्हाच खरा ठरतो, जेव्हा हरवलेला माणूस जागचा हलत नाही. प्रत्येक गाडीत स्वतःपुरते पाणी असावे. सर्वांचे पाणी एकाच गाडीत ठेवू नये.

बॅग्नॉल्डच्या काळी दिशा ओळखण्याचे साधन म्हणजे सूर्यहोकायंत्र. गाडीच्या लोखंडामुळे चुंबकसूची भरकटते. म्हणून अंशांकित तबकडीवर उभ्या सुईची सावली पाहून ते दिशा ठरवीत. आज उपग्रहांच्या साहाय्याने आपले स्थान क्षणात कळते. पण ते यंत्र दोन बिंदूंमधील सरळ रेषा दाखविते. त्या रेषेवर कोणता माथा आडवा आहे, हे पाहण्याचे काम अद्याप माणसाकडेच आहे.

शिकवण्याची कसोटी

१९४० साली बॅग्नॉल्डने ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’ हे लष्करी पथक उभारले, तेव्हा त्याच्याकडे आलेले पहिले स्वयंसेवक न्यूझीलंडचे होते. त्यांतील अनेक जण शेतकरी होते आणि वाळवंट त्यांनी पाहिलेले नव्हते. सुरुवातीच्या प्रत्येक तुकडीत सुमारे तीस माणसे आणि अकरा गाड्या असत. काही आठवड्यांच्या शिक्षणानंतर, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, ही माणसे महावालुकासागर ओलांडून गेली. पुढे भारतीय घोडदळातील जवानांचे एक पथकही याच प्रकारच्या कामासाठी तयार करण्यात आले. वाळूत वाहन चालविणे हा जन्मजात गुण नसून शिकता येणारी शिस्त आहे, याचा याहून चांगला पुरावा देता येणार नाही.

आपल्या थरच्या वाळवंटात मात्र आणखी एक जबाबदारी येते. येथील पुष्कळ वालुकागिरी फोग, सेवण, खीप अशा वनस्पतींनी बांधून धरलेले आहेत. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने सरकती वाळू रोखण्यासाठी झुडपांचे कुंपण आणि वृक्षलागवड यांच्या पद्धती दशकानुदशके विकसित केल्या आहेत. चाकाखाली सापडलेले झुडूप मरते, त्याने धरलेली वाळू मोकळी होते आणि वाऱ्याबरोबर ती कोणाच्या तरी शेतात, विहिरीत वा उंबरठ्यावर जाऊन पडते. म्हणून येथे ताफ्याने हिरव्या वाळूला बगल देऊन केवळ उघड्या वाळूवरूनच, आणि तेही परवानगी असलेल्या भागातच, जावे.

वाळू ओलांडल्यावर चालकाला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ताफ्याचा हिशेब निराळा असतो. पहिली गाडी किती लवकर पोचली, याची नोंद तो ठेवत नाही. शेवटची गाडी पोचली की नाही, एवढेच तो पाहतो.