‘योग्य लांबीचा दांडा’ म्हणजे किती?



यंदा नववीतल्या एका मुलीने शेव पाडण्याचा नवा सोऱ्या तयार केला. आजीचे मनगट दुखते म्हणून तिने त्याला एक दांडा जोडला. आम्ही तो वापरून पाहिला. शेव खरोखरच कमी जोरात पडते, आणि इंदुरात शेवेची थोरवी आम्ही सांगायला नको! तिच्या वडिलांनी विचारले, “सर, याचे पेटंट मिळेल का?” ते पेटंट कार्यालय ठरवेल. तसे आधी कोणी केलेले नसावे आणि त्या कामातल्या जाणकाराला ते सहज सुचण्याजोगे नसावे, या अटी काही सोप्या नाहीत. आम्ही मुलीला एवढेच सांगितले की, तुझा सोऱ्या आधी कागदावर लिहून आण.

तिने सुरेख अक्षरात एक पान लिहून आणले. त्यात वाक्य होते : ‘योग्य लांबीचा दांडा योग्य जागी बसवावा.’ आम्ही सोऱ्या लपवून ठेवला आणि ते पान दुसऱ्या तुकडीतल्या दोन मुलांना दिले. पुठ्ठा आणि काड्या घेऊन त्यांनी नमुना केला. दांडा भलत्याच बाजूला गेला आणि दट्ट्या अर्ध्यावर अडला. “असं कुठं लिहिलंय मी?” मुलगी रागावली. लिहिले नव्हते हे खरे. पण तसे करू नका, असेही कुठे लिहिले नव्हते.

आपल्या देशाच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील दहावे कलम याच गोष्टीविषयी आहे. शोध काय आहे, तो कसा चालतो आणि कोणत्या रीतीने करायचा, हे अर्जदाराने पूर्णपणे व तपशीलवार लिहिले पाहिजे. त्याला माहीत असलेली सर्वांत चांगली रीतही सांगितली पाहिजे. म्हणजे दुय्यम कृती लिहून खरी स्वतःजवळ ठेवता येत नाही. शेवटी येतात ‘दावे’, म्हणजे यातले नेमके काय आपले, त्याची हद्द. वर्णन अपुरे निघाले तर मिळालेले पेटंटही रद्द होऊ शकते.

येथे वडिलांना काळजी वाटली. “सगळंच लिहून दिलं तर लोक चोरणार नाहीत का?” शंका रास्त आहे. पण पेटंट हा एक सौदाच आहे. अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे तो हक्क तुमचा, आणि त्याच्या बदल्यात ती विद्या सगळ्यांना वाचायला खुली. मुदत संपल्यावर कोणाही कारागिराला ते वाचून वस्तू करता आली पाहिजे. लपवायचेच असेल तर पेटंट मागू नये.

विजेच्या दिव्याची एक हकिगत या बाबतीत फार बोलकी आहे. अमेरिकेत सॉयर आणि मॅन या दोघांनी १८८० मध्ये अर्ज केला आणि १८८५ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. त्यांनी प्रयोग केले होते ते कागदाच्या आणि लाकडाच्या कोळशावर. दावा मात्र केला सर्वच तंतुमय आणि वस्त्रजन्य पदार्थांच्या कोळशावर! एडिसन यांनी पुष्कळ लाकडे तपासून सोडून दिली होती. मग ताडपत्राच्या एका पंख्याच्या कडेला लावलेली बांबूची पट्टी त्यांनी वापरून पाहिली, आणि तिचा तंतू उत्तम चालला. पुढे चीन-जपानमधून चाळीसएक जातींचे बांबू मागवून त्यांनी त्यांतला चांगला निवडला. एडिसनच्या बनावटीचे दिवे वापरते म्हणून पेनसिल्व्हेनियातील मॅककीसपोर्ट गावच्या वीज कंपनीवर खटला झाला. १८९५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सॉयर-मॅन यांचा दावा अमान्य केला. निकालपत्रात सहा हजारांहून अधिक वनस्पती तपासल्याचा उल्लेख आहे. सगळ्या तंतूंत दिव्याला उपयोगी असा समान गुण नव्हताच. मग त्यांतला कोणता चालेल, हे वाचणाऱ्याने पुन्हा पहिल्यापासूनच शोधायचे होते. आम्हांला त्या ‘सर्व तंतुमय पदार्थां’त आमच्या मुलीचा ‘योग्य लांबीचा दांडा’च दिसतो.

काही गोष्टी तर शब्दांत मावतच नाहीत. नव्या जिवाणूचे वर्णन किती करणार? जो जिवाणू लोकांना मिळण्याजोगा नाही आणि ज्याचे पुरेसे वर्णनही होऊ शकत नाही, त्याचा नमुनाच मान्यताप्राप्त केंद्रात ठेवावा लागतो. आपल्याकडे अशी केंद्रे चंडीगढला आणि पुण्याला आहेत.

पालकांसाठी दोन गोष्टी. काम अपुरे असेल तर आधी तात्पुरते वर्णन देता येते, पण पूर्ण वर्णन त्यानंतर १२ महिन्यांच्या आत द्यावे लागते. पूर्ण वर्णनात जे सुटले ते नंतर दुरुस्ती म्हणून घुसवता येत नाही. चूक सुधारता येते, नवी माहिती घालता येत नाही. दुसरे म्हणजे, अर्जाआधी वस्तू प्रदर्शनात मांडली किंवा छापून आणली तर ‘नवी’ म्हणण्याचा हक्कच जाऊ शकतो. या अंकात सोऱ्याचे चित्र नाही आणि दांडा कोठे बसतो हेही आम्ही लिहिलेले नाही, ते यामुळेच. विश्वस्त मंडळींनी चित्र का नाही म्हणून विचारले होते, त्यांनाही हेच उत्तर.

मुलीने आतापर्यंत तीनदा लिहिले आहे. तिसऱ्या खेपेला दांड्याची लांबी सेंटिमीटरमध्ये आली, ती किती कमी-जास्त चालेल हे आले, आकृतीतल्या प्रत्येक भागाला क्रमांक आला. पीठ किती घट्ट हवे, ते अजून राहिले आहे.

आठवी ते दहावीच्या मुलांनी पुढील अंकापर्यंत घरचा आकाशकंदील, चित्र न काढता, एका पानात लिहून आणावा. तो वाचून दुसरी तुकडी कंदील करील. ‘योग्य’, ‘थोडेसे’ आणि ‘नेहमीप्रमाणे’ हे शब्द वापरायचे नाहीत.