विश्वासाची दृष्टी कोठे असावी?

संकटसमयी ‘माझा विश्वास पुरेसा आहे काय?’ हा प्रश्न आपणांपैकी अनेकांच्या मनाला बोचतो. अशा वेळी ‘माय फेथ लुक्स अप टू दी’ या विश्वासाविषयीच्या सुप्रसिद्ध इंग्रजी गीताचा उगम मनन करण्याजोगा आहे.

सन १८३० मध्ये रे पामर हे अमेरिकेतील येल महाविद्यालयाची पदवी घेऊन न्यूयॉर्क येथे मुलींच्या एका शाळेत शिकवीत होते. वधस्तंभापुढे नतमस्तक झालेल्या पश्चात्तापी मनुष्याविषयीचे एक छोटे जर्मन काव्य त्यांच्या वाचनात आले. त्यांनी त्याचे भाषांतर केले व पुढे स्वतःच्या अंतःकरणातील चार कडवी लिहिली. उपासनेसाठी गीत रचावे, हा विचारही त्यांच्या मनात नव्हता. शेवटच्या ओळी लिहिताना त्यांचे डोळे भरून आले. ती कडवी त्यांच्या खिशातील वहीतच राहिली.

सुमारे दोन वर्षांनी बॉस्टन येथे संगीतकार लॉवेल मेसन यांनी आपल्या नव्या संग्रहासाठी त्यांच्याकडे गीत मागितले, तेव्हा ती वही बाहेर निघाली. मेसन यांनी त्या गीताला दिलेली चाल ‘ऑलिव्हेट’ या नावाने ओळखली जाते. पामर पुढे पाळक झाले व १८८७ मध्ये निवर्तले. परंतु तरुणपणीचे हे गीतच त्यांची ओळख ठरले.

या गीतात ‘विश्वास’ हा शब्द केवळ आरंभी एकदाच येतो, आणि तोही कालवरीच्या कोकऱ्याकडे पाहणारा विश्वास म्हणून. त्यानंतर सर्व मागणेच आहे: दोषांची क्षमा, खचलेल्या हृदयाला बळ, अंधारात मार्गदर्शन. शेवटच्या कडव्यात तर मरणसमयी भय व अविश्वास दूर करावा, अशी विनवणी आहे. विश्वासाचे गीत गाणाराच अविश्वासापासून सुटका मागतो!

यात विसंगती नाही. मार्क ९:२४ मधील पिता विश्वासाची कबुली देतो आणि त्याच श्वासात आपल्या अविश्वासाबद्दल साहाय्य मागतो. प्रभूने त्याला परत पाठविले नाही; त्याच्या मुलाला बरे केले. इब्री १२:२ मधील मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थही इतर सर्वांवरून दृष्टी काढून येशूकडे लावणे असा आहे. आपल्या मराठीत विश्वास कोणावर तरी ‘ठेवावा’ लागतो. म्हणून विश्वास किती, यापेक्षा तो कोणावर, हाच खरा प्रश्न होय.

वाचकहो, या आठवड्यात मार्क ९:१४-२९ हा भाग वाचा, आणि आपला अविश्वास न लपविता तो प्रभूपुढे मांडा.