जुन्या मालट्रकचा धूर : दोषाचा शोध कसा घ्यावा

मुंबई-आग्रा महामार्गावर कसारा घाटाच्या पायथ्याशी थोडा वेळ उभे राहिले, तरी मालवाहू वाहनांचे आरोग्य नुसत्या डोळ्यांनी पारखता येते. नाशिक जिल्ह्यातील कांदा, द्राक्षे, टोमॅटो आणि सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींतील माल याच वाटेने मुंबईकडे उतरतो. परतीच्या खेपेला सिमेंट, खत किंवा लोखंड भरून तेच ट्रक सुमारे ६०० मीटर उंचीवरील इगतपुरीकडे चढू लागतात. त्या वेळी खालच्या गिअरमध्ये कण्हत जाणाऱ्या प्रत्येक इंजिनाचा धूर निराळा असतो. कोणाचा जेमतेम राखी, कोणाचा डांबरासारखा काळा, तर कोणाच्या मागे निळसर पट्टा तरंगत राहतो.

प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्राची मुदत संपत आली, की अशा ट्रकवर एक ठरलेला उपाय होतो. डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून इंधन कमी केले जाते, तपासणी पार पडते आणि पुढच्या आठवड्यात घाटात ताकद पुरेना म्हणून तोच स्क्रू पूर्ववत केला जातो. यात दोष सापडत नाही. तो काही दिवस दडतो इतकेच. पंप हा इंजिनाचा सर्वांत नाजूक व महागडा भाग असून त्याची जुळणी परीक्षण-यंत्रावरच व्हावयास हवी. दोषाचा शोध हवेपासून आणि नळ्यांपासून सुरू व्हावा, पंपाची पाळी सर्वांत शेवटी यावी. प्रस्तुत लेखाचा सारा भर याच क्रमावर आहे.

येथे विचार आहे तो यांत्रिक पंपाच्या जुन्या ट्रकांचा. टेल्कोने १९५४ मध्ये डायम्लर-बेन्झच्या सहकार्याने जी ट्रकनिर्मिती सुरू केली, तिच्या परंपरेतील सहा सिलिंडरांची साधी, दणकट इंजिने अजूनही ग्रामीण भागात राबताना दिसतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांची वाहने इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालतात. त्यांची तपासणी संगणकाच्या साहाय्याने करावी लागते.

काळा धूर म्हणजे पूर्ण न जळलेले इंधन. इंधन जास्त होते किंवा हवा कमी पडते, म्हणून ते जळत नाही. यांपैकी हवेची तपासणी बिनखर्चाची आहे. मे महिन्यात येवला-नांदगावकडील कच्च्या रस्त्यांवर फिरलेल्या ट्रकचा एअर क्लीनर उघडून पाहावा; तेलाच्या भांड्यात चिखल साचलेला आढळला तर अर्धे उत्तर तेथेच मिळते. टर्बो असलेल्या इंजिनात टर्बोपासून इंजिनाकडे हवा नेणारी रबरी नळी चिरलेली किंवा तिचा क्लँप सैल असला, तरी हाच परिणाम होतो. त्यानंतर नोझलांकडे वळावे. नोझलाची छिद्रे सुईच्या टोकाएवढी बारीक असतात. त्यांतून इंधनाचा तुषार उडण्याऐवजी थेंब ठिबकू लागले, की काजळी ठरलेली. डिझेल इंजिनाची नोझले आणि इंजेक्टर घडविणारा मायकोचा कारखाना नाशिकच्याच सातपूर वसाहतीत उभा राहिला (२००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले), आणि त्याच शहरातून ठिबकत्या नोझलांचे ट्रक धूर ओकीत जातात, हा विरोधाभास खटकल्याशिवाय राहत नाही. अतिभार हेही काळ्या धुराचे एक कारण होय; मात्र त्याचा इलाज फिटरकडे नाही, मालकाकडे आहे.

पांढऱ्या धुराविषयी बराच गैरसमज आढळतो. निफाड परिसरात हिवाळ्यात पारा दहा अंशांच्या खाली उतरतो. अशा पहाटे थंड इंजिनाने काही मिनिटे पांढरा धूर सोडला तर त्यात आजार नाही. सिलिंडर तापेपर्यंत काही इंधन न जळताच बाहेर पडते. इंजिन गरम झाल्यावरही धूर पांढराच राहिला आणि डोळ्यांना झोंबू लागला, तर इंजेक्शनचे टायमिंग मागे पडले आहे किंवा एखाद्या सिलिंडरमध्ये दाब उरलेला नाही, असे समजावे. धूर वाफेसारखा असून रेडिएटरचे पाणी वारंवार कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट किंवा हेडला गेलेली चीर यांचा संशय घ्यावा आणि ट्रक पुढे हाकू नये. पाणी सिलिंडरमध्ये साचले तर कनेक्टिंग रॉड वाकण्यापर्यंत मजल जाते.

निळा धूर हा जळणाऱ्या वंगणाचा. चढावर जोर लावताना तो दिसत असेल तर रिंगा आणि लायनर झिजले असण्याचा संभव अधिक. इंजिन संथ चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यास तेथून धापा टाकल्यासारखा धूर येतो, ही त्याची खूण. पिंपळगावच्या बाजारात तासभर इंजिन चालू ठेवून उभा राहिलेला ट्रक निघताना निळा लोट सोडतो आणि पुढे स्वच्छ होतो, तेव्हा व्हॉल्व्ह गाइड किंवा टर्बोचे सील तपासावे. एवढ्यासाठी इंजिन उतरविण्याची घाई करू नये.

दोष नेमका कोणत्या सिलिंडरमध्ये आहे हे ओळखण्याची जुनी रीत अशी, की इंजिन संथ चालू ठेवून इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून किंचित सैल करावेत. ज्या नटाने इंजिनाच्या चालीत फरक पडत नाही, तो सिलिंडर आळशी. ज्याने धूर वा ठोका थांबतो, तेथील नोझल सदोष. नटावर कापड धरावे आणि तुषारासमोर हात कदापि नेऊ नये, कारण दाबाखालील डिझेल कातडीत शिरते. कॉमन रेल प्रकारच्या इंजिनात एक हजार बारहून अधिक दाब असतो. तेथे ही रीत सर्वस्वी वर्ज्य आहे.

आता गळतीविषयी. धुराची नळी इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत कोठेही फुटू शकते, परंतु सर्वाधिक त्रास मॅनिफोल्डच्या सांध्याशी होतो. सहा सिलिंडरांचा लांबलचक ओतीव मॅनिफोल्ड तापून वाढतो, निवून आकसतो आणि टोकांकडील स्टड तोडतो. गळती असली की इंजिनाच्या लयीत ‘फट् फट्’ असा आवाज येतो. तो थंड इंजिनात मोठा असतो आणि धातू तापून फट मिटली की विरतो. ड्रायव्हर वीस किलोमीटर चालवून ट्रक गॅरेजमध्ये आणतो तोवर आवाज नाहीसा झालेला असतो, आणि फिटर ‘काही नाही’ म्हणून परत पाठवितो. म्हणून ट्रक रात्री गॅरेजमध्येच ठेवावा आणि पहाटे फिटरच्या समक्ष सुरू करावा. सांध्याभोवतीचा काजळीचा पंखा, किंवा शेजारी धरलेल्या उदबत्तीच्या धुराचे हेलकावणे, यांवरून जागा निश्चित होते. जवळ डिझेल सांडलेले नाही याची खात्री मात्र आधी करून घ्यावी. टर्बोच्या अलीकडे गळती असेल तर टर्बोला जोर मिळत नाही, हवा कमी पडते आणि काळा धूर सुरू होतो. अशा वेळी पंपाला हात लावणे म्हणजे पायाच्या दुखण्यावर डोळ्यांत औषध घालणे होय.

सांधा दुरुस्त करताना नवे गॅस्केट घालून नट थंड अवस्थेत, मधून टोकांकडे असे आवळावेत. फटीवर ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळण्याची चाल टाकून द्यावी. तिचा धुरळा फुप्फुसांना घातक आहे.

या गळतीकडे दुर्लक्ष करता येत नाही, त्याचे खरे कारण आवाज हे नव्हे. अनेक ट्रकांत इंजिन केबिनमध्येच, ड्रायव्हर आणि क्लीनर यांच्या मध्ये झाकणाखाली असते. झाकणाचे रबर फाटलेले, गिअरच्या दांडीभोवती भोक पडलेले आणि थंडीमुळे काचा लावलेल्या, अशा केबिनमध्ये इंजिन चालू ठेवून झोपणे प्राणावर बेतू शकते. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. डोके जड होणे, मळमळणे, विनाकारण झापड येणे ही त्याची चिन्हे होत. रात्रभर गाडी चालविणारा माणूस ती थकव्याची समजतो. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश कर्करोगास निश्चितपणे कारणीभूत ठरणाऱ्या पदार्थांत केला आहे. ट्रकबरोबर सर्वाधिक काळ घालविणारा क्लीनर बहुधा विशीतला पोरगा असतो.

तपासणी केंद्रावरील धूरमापक यंत्र, धुरातून प्रकाश किती अडतो ते मोजते. जुन्या डिझेल वाहनांसाठी मर्यादा ६५ हार्ट्रिज एकके आहे, भारत स्टेज चारच्या वाहनांसाठी ५०. नळीत गळती असेल तर बाहेरची हवा मिसळून आकडा खोटा कमी येऊ शकतो. आठ वर्षांवरील मालवाहनास योग्यता प्रमाणपत्रही दरवर्षी घ्यावे लागते.

पंचायतींचा या विषयाशी संबंध विशेषतः उन्हाळ्यात येतो. काही विशेष अपवाद वगळता, शासन व पंचायतींच्या मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून चालू राहत नाही. टंचाईच्या दिवसांत सिन्नर, येवला, नांदगाव तालुक्यांत पाणी आणणारे खाजगी टँकर मात्र जुने असू शकतात. ते शाळेच्या कुंपणाशी किंवा विहिरीच्या काठी इंजिन चालू ठेवून उभे राहतात आणि भोवती हंडे घेतलेल्या बायका-मुलांची गर्दी असते. टँकर ठरविताना सरपंच वा ग्रामसेवकाने तो सकाळी, इंजिन थंड असताना, आपल्यासमोर सुरू करावयास सांगावा, पाच मिनिटे मागे उभे राहून धूर पाहावा आणि केबिनमध्ये एकदा डोकावून वास घ्यावा. शाळेजवळ उभे राहण्याची जागा वाऱ्याची दिशा पाहून मुख्याध्यापकांनी आधीच नेमून द्यावी.