लॅपटॉपमधला नकल्या का दमतो?

मे महिन्यातील दुपार आहे. राजुऱ्यातील एका घरी सुट्टीला आलेली भावंडे लॅपटॉपभोवती कोंडाळे करून बसली आहेत. वडील लहानपणी टी.व्ही.ला यंत्र जोडून जो खेळ खेळत, तो लॅपटॉपवर झकास चालला. मग नंतरच्या काळातील एक खेळ लावला. सकाळी तोही बरा चालला होता. दुपारी मात्र चित्रे अडखळू लागली, आवाज चिरकू लागला. ‘लॅपटॉप बिघडला, आता नवाच घ्यावा लागणार,’ असा निकाल थोरल्या भावाने देऊन टाकला. नवा लॅपटॉप म्हणजे घराच्या खिशाला मोठी खार! तेव्हा हा निकाल मान्य करण्यापूर्वी आपण थोडे गणित करून पाहू.

दुभाष्याचे काम

प्रत्येक प्रोसेसरची स्वतःची यंत्रभाषा असते. खेळयंत्रासाठी लिहिलेल्या आज्ञा लॅपटॉपच्या प्रोसेसरला कळत नाहीत. म्हणून मध्ये एक प्रोग्रॅम बसवतात. त्याला एम्युलेटर म्हणतात. हा शब्द खेळांसाठी जन्मला नाही. १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकमाला जाहीर केली, तेव्हा जुन्या संगणकांचे प्रोग्रॅम नव्यावर चालावेत म्हणून हीच युक्ती वापरली होती.

राजुऱ्याच्या बाजारात मराठी, तेलुगू, गोंडी अशा भाषा कानी पडतात. समजा, केवळ गोंडी जाणणारी आजी आणि केवळ मराठी जाणणारा दुकानदार यांच्यामध्ये दुभाषा उभा आहे. तो एक वाक्य ऐकतो, अर्थ लावतो, मग बोलतो. साहजिकच सौदा सावकाश होतो. एम्युलेटरचेही तसेच. खेळयंत्राची एक आज्ञा समजावून देण्यास लॅपटॉपच्या दहा-वीस आज्ञा सहज खर्ची पडतात.

गणित काय सांगते?

१९८३ मध्ये जपानमध्ये आलेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राचा प्रोसेसर सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके देत असे. तुमचा लॅपटॉप २ गिगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला २ अब्ज ठोक्यांचा असेल, तर जुन्या यंत्राच्या एका ठोक्यामागे तुमच्या हाती सुमारे १,१०० ठोके येतात. दुभाष्याला भरपूर सवड!

आता २००० सालचे प्लेस्टेशन २ घ्या. त्याचा मुख्य प्रोसेसर सेकंदाला सुमारे २९ कोटी ५० लाख ठोके देत असे. भागाकार करा. उत्तर येते जेमतेम ७. हा हिशेब ढोबळ आहे, पण शब्दाला शब्द भाषांतर येथे परवडणार नाही हे त्यावरून कळते. मग हुशार दुभाषा काय करतो? घासाघीस रोज त्याच वाक्यांत होते, हे हेरून तो पूर्ण संभाषण एकदाच भाषांतरित करून कागदावर उतरवतो आणि पुढे तोच कागद वाचतो. एम्युलेटरही आज्ञांचे गट एकदा भाषांतरित करून स्मृतीत ठेवतो.

लॅपटॉपमध्ये चार गाभे असले, तरी काम चौपट वेगाने होत नाही. झाडीपट्टीच्या नाटकात नटाचे पद आणि पेटीचा सूर जुळावाच लागतो. एक अडला की दुसरा थांबतो. त्याचप्रमाणे खेळयंत्रातील प्रोसेसर, चित्राचा भाग आणि ध्वनीचा भाग यांचा मेळ सतत राखावा लागतो.

खेळाला सेकंदाला ६० चित्रे हवीत, म्हणजे प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्याऐवजी २० लागले, तर ५०च चित्रे तयार होतात. खेळ संथ होतो, ध्वनीचा पुरवठा तुटतो आणि आवाज चिरकतो.

उन्हाचा हात

आता सकाळ-दुपारचे कोडे सोडवू. बऱ्याच प्रोसेसरांची तापमानमर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. उष्णता बाहेर जाण्याचा वेग ढोबळमानाने आतल्या-बाहेरच्या तापमानातील फरकाच्या प्रमाणात असतो. खोली २५ अंशांवर असता फरक ७५. मेमध्ये खोली ४५ अंशांवर गेली, तर फरक ५५. म्हणजे जो पंखा आधी १५ वॅट उष्णता बाहेर टाकू शके, तो आता ११ वॅटच टाकील.

उरलेली उष्णता कोठे जाणार? जळण्याऐवजी प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतो. वेग २ वरून १.२ गिगाहर्ट्झवर आला, तर मघाचे ७ ठोके ४ वर येतात. फॅमिकॉमच्या खेळाला मात्र तरीही सहाशेहून अधिक उरतात! म्हणून जुना खेळ दुपारीही चालतो, नवा अडखळतो. यंत्र बिघडलेले नसते. ते स्वतःला वाचवत असते.

करून पाहा

स्वतः विकत घेतलेला एकच खेळ आणि त्यातील एकच प्रसंग निवडा. पहाटे व दुपारी, चार्जर लावून व काढून, टेबलावर व गादीवर अशा प्रत्येक वेळी दहा मिनिटे खेळ चालवा. खोलीचे तापमान आणि पडद्यावर दिसणारी सेकंदाची चित्रसंख्या वहीत लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. गादीवर हवेच्या फटी बुजतात, म्हणून तेथे यंत्र फार तापले तर लगेच थांबा. कूलरने खोली गार होईल, पण त्याचे तुषार लॅपटॉपवर पडू देऊ नका.

शिक्षकांनी वर्गात या आकड्यांचा आलेख काढून घ्यावा. आणि जाता जाता एक उदाहरण: कूलरमुळे खोली ३५ अंशांवर आली, तर तोच पंखा किती वॅट उष्णता बाहेर टाकील? उत्तर १३ आले, तर तुमचे गणित बरोबर आहे.