विस्मृतीचे मूळ : टाऊ प्रथिनाचे गुंते

मालगुंड परिसरातील अनेक घरांत मुले मुंबईस आणि मागे वृद्ध दांपत्य, अशी स्थिती आहे. आई रोजच्या पाखाडीवरून घरी येताना वाट चुकू लागली, की तिला आमच्या बाह्यरुग्ण विभागात आणणारे चिरंजीव हमखास विचारतात, "डॉक्टर, आमच्याकडून काही कमी पडले का?" या प्रश्नाचे उत्तर मेंदूच्या रसायनशास्त्रात आहे.

जर्मन वैद्य अलॉइस अल्झायमर यांना १९०६ साली एका मृत रुग्ण स्त्रीच्या मेंदूतील पेशींत तंतूंचे गुंते आढळले. ते 'टाऊ' नामक प्रथिनाचे असतात, हे १९८० च्या दशकात उमगले. टाऊ हे मुळात उपकारक प्रथिन. मांडवाचे वासे सुंभाने आवळावेत, तसे ते मज्जापेशींतील सूक्ष्म नलिकांना आधार देते. त्याला फॉस्फेटचे लहान गट जोडणे व काढणे हे पेशीतील विकरांचे नित्याचे काम होय. अल्झायमरच्या मेंदूत मात्र हे गट तिपटी-चौपटीने वाढलेले असतात. त्यामुळे टाऊची नलिकांवरील पकड सुटते, सुटे रेणू एकमेकांस चिकटून गुंता होतो आणि सुंभ सुटलेल्या मांडवासारखी पेशी खचते. ही प्रक्रिया लक्षणे दिसण्यापूर्वी कित्येक वर्षे सुरू झालेली असते. तेव्हा मुलांनी स्वतःस दोष देण्याचे कारण नाही.

प्रत्येक रासायनिक जोडणी घातकच असते, असेही नाही. शर्करेचा एक विशिष्ट गट जोडला गेल्यास टाऊच्या गुठळ्या कमी होतात, असे प्रयोगांत दिसले आहे. कंपवातातील अल्फा-सिन्युक्लिन या प्रथिनाबाबत तर फॉस्फेट हे गुठळीचे कारण की परिणाम, यावर शास्त्रज्ञांत आजही वाद आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही टाऊच्या गुठळ्यांवर संशोधन झाले आहे.

या ज्ञानाचे एक फळ हाती आले आहे. फॉस्फेटयुक्त टाऊ रक्तात मोजून निदानास साहाय्य करणाऱ्या चाचणीस अमेरिकेत २०२५ साली मान्यता मिळाली. आमच्यासारख्या ग्रामीण रुग्णालयास ती अद्याप दूरची आहे, आणि झालेले गुंते सोडवून गेलेली स्मृती परत आणणारे औषध कोठेच नाही. परंतु ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार वा काही औषधे यांमुळेही विस्मरण होते, आणि ते बहुधा सुधारते. म्हणून वृद्धांना तपासणीस आणताना घरातील सर्व औषधे पिशवीत घालून सोबत आणावीत, ही विनंती.